उमरडोहचा निरंक

नवा जिल्हा झाला, पण उमरडोहला त्याचा फरक एवढाच पडला, की जिल्ह्याच्या गावी जाऊन 'साहेब दौऱ्यावर हायत' हे ऐकायला पूर्वी दीड दिवस लागायचा, आता तेच ऐकून माणूस दिवस मावळायच्या आत घरी यायला लागला. पाऊस जुन्या जिल्ह्यात नव्हता, नव्यातही आला नाही. मन्याडीच्या कोरड्या पात्रात बायका पाण्यासाठी झिरे खोदत होत्या. जनावरं छावणीत गेली, माणसं हमीच्या कामावर खडी फोडायला गेली आणि शेतं मोकळी पडली. कोरड्या विहिरीवर कोण राखण बसणार? तीन महिन्यांत गावातल्या सात मोटारी आणि दोन इंजनं विहिरीवरून चोरीला गेली.

या तिन्ही महिन्यांत पोलीस पाटील माणिकप्पांनी ठाण्याला तीन कागद पाठवले. तिन्हींवर एकच शब्द होता, निरंक. म्हणजे गावात काही घडलं नाही. बावीस वर्षं ते हाच शब्द पाठवत आले होते. त्यांचं अक्षर सुरेख होतं, पण सरकारदरबारी त्यांनी या तीन अक्षरांपलीकडे फारसं काही लिहिलेलं नव्हतं. त्याबद्दल त्यांना जुन्या जिल्ह्याच्या ठिकाणी एकदा प्रशस्तिपत्रही मिळालं होतं. ते काचेत मढवून दारालगतच्या ढाळजेत लावलेलं होतं आणि आज सगळं घर त्याच ढाळजेत, त्याच काचेखाली बसलं होतं.

विरूपाक्ष पहिल्या एसटीनं लातूरहून आला होता. माणिकप्पांच्या धाकट्या भावाचा, नागप्पांचा, हा मुलगा नव्या जिल्ह्याच्या पोलीस कचेरीत कारकून लागल्यापासून घरात पाहुण्यासारखाच वागायचा, पण आज तो कागद घेऊन आला होता आणि कागद उद्या सकाळी परत न्यायचा होता.

"आता बगा मोठे अप्पा," तो म्हणाला, "आपल्या ठाण्याला गावं हायत चौऱ्याण्णव. शिपाई भरलेले बावीस. त्यातले चार कोर्टात, तीन तिजोरीवर, दोन कैद्यांसंगं, दोघं आजारी. आन् दुष्काळ बगायला मंत्री येऊन राहिलेत, त्यांच्या बंदोबस्ताला सहा. राहिले किती?"

"पाच," आतून कमलम्मा म्हणाल्या. माणिकप्पांच्या या बायकोनं शाळा पाहिलेली नव्हती, पण हिशेबात तिला कुणी गाठलेलं नव्हतं.

"पाच. चौऱ्याण्णव गावांना पाच. आन् जीपचं तेल महिन्याच्या वीस तारखेपर्यंत पुरतंय."

"मग चोरानं एकवीसला यावं," कमलम्मा म्हणाल्या आणि भाकरी उलटायला वळल्या.

नागप्पा हसले. अहमदपूरच्या मोंढ्यात त्यांची अडत होती, पण गेल्या साली त्यांनी उमरडोहच्या फाट्यावर नवं गोदाम बांधलं होतं. त्या गोदामाशेजारची मोकळी जागा ते चौकीला फुकट द्यायला तयार होते. फुकटाचं वजन घरात सगळ्यांना कळत होतं.

"सांग की त्यांना खरबवाडीचं," ते मुलाला म्हणाले.

"नव्या जिल्ह्याला नवीन माणसं मंजूर झालीत. आपल्या भागाला एक चौकी. एक जमादार, चार शिपाई. आता ती द्यायची कुठं? जिथं गुन्हे जास्त, तिथं. खरबवाडीनं पाच वर्षांत एकतीस दाखवलेत. आपले किती?"

"निरंक," माणिकप्पा म्हणाले. सवयीनं त्यांची मान जरा वर झाली.

"मग चौकी खरबवाडीला चालली."

"जाऊ दे. ज्या गावात भानगडी, त्या गावाला पोलीस. आपल्याला कशाला पाहिजे?"

"अण्णा, गल्लत तिथंच हाय," नागप्पा पुढे सरकले. "कागदावर चोरी न्हाई म्हणून पोलीस न्हाई. पोलीस न्हाई म्हणून चोर येतो. तो येतो, तुम्ही पुन्हा निरंक पाठवता. रानातल्या चोरांना बी आता म्हाईत झालंय, उमरडोहात काय बी न्या, लिहून कुणी घेत न्हाई."

हे माणिकप्पांना लागलं. लागावं असंच होतं. पण त्यांची बाजूही खोटी नव्हती. फिर्याद केली की ठाणं, ठाण्यावरून कोर्ट, कोर्टातून तारखा. बैल चोरणारा आणि बैल गमावणारा दोघंही चार वर्षं एकाच एसटीनं तालुक्याला हेलपाटे घालणार. त्यापेक्षा माणिकप्पा दोघांना महादेवाच्या देवळात नेत. घेतलेली वस्तू परत, झालेल्या नुकसानीचं बोलणं, मग दोघांनी पिंडीवरचा बेल उचलायचा. बेल उचलला की विषय मिटला. पुन्हा त्याचा उच्चार करायचा नाही, घरात नाही, दारात नाही, कागदावर तर नाहीच. एका दुपारी काम संपायचं. गावातली निम्मी भांडणं अशी मिटली होती आणि बहुतेक खरंच मिटलेली होती.

"बेल उचललेलं मी कसं लिहू?" ते म्हणाले.

"महादेवाला कळतंय ते. त्याच्या बी पिंडीवर पाणी न्हाई सध्या," नागप्पा म्हणाले.

विरूपाक्षनं कागद पसरला. नव्या साहेबांनी एक नवीन रकाना काढला होता, 'घडलेले परंतु न नोंदलेले'. पाच वर्षांचं सगळं पोलीस पाटलानं सहीनिशी लिहून द्यायचं. जुनं का लपवलं म्हणून कुणाला धरणार नाही, असं साहेब बैठकीत म्हणाले होते.

"लेखी म्हणाले का तोंडी?" माणिकप्पांनी विचारलं.

"तोंडी."

"हाव. तेच म्हणलं."

पण तासाभरात ते सांगायला लागले. एकदा सुरुवात झाल्यावर माणूस थांबत नाही. साहेबरावचे बैल, देवळाची समई, शाळेचे पत्रे, व्यंकटच्या घरात घुसून झालेली मारामारी. या सात मोटारी आणि दोन इंजनं. विरूपाक्ष भराभर लिहीत होता. तेरा झाले. नागप्पांना तेरावरही समाधान नव्हतं. आणखी आठवा, अण्णा, असं ते म्हणत होते, जसं काही अडत्याच्या काट्यावर माल कमी भरत होता.

तेव्हा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरून आवाज आला.

"चौदावं लिही, विरूपाक्ष. माझं."

शिवगंगा तिथं कधीपासून बसली होती हे कुणी पाहिलं नव्हतं. ती माणिकप्पांच्या पाठची आणि नागप्पांच्या आधीची. विधवा होऊन माहेरी आली त्याला वीस वर्षं झाली होती. डाव्या हातानं ती शेंगा फोडत होती. उजवा हात मांडीवर होता, मुठीतली तीन बोटं न उघडणारी.

चार वर्षं झाली, हे घर काळ मोजताना 'शिवगंगा पडली त्या साली' असं म्हणत होतं. शिवगंगा पडली त्या साली विरूपाक्षची परीक्षा झाली. शिवगंगा पडली त्या साली गाय व्याली. आणि ती पडलेली नव्हती, हे ढाळजेतल्या प्रत्येकाला माहीत होतं.

"आत्या, ते कशाला," विरूपाक्ष म्हणाला. पेन त्याच्या हातात तसंच राहिलं.

"कामून? तुम्हाला आणखी पाहिजेत ना? चोरी हाय, मारहाण हाय. नाव बी म्हाईत हाय. तुझ्या बाकीच्या तेरात एकाचं तरी नाव हाय का?"

"नावाचं बगू की नंतर, अक्का," नागप्पा म्हणाले. "नुसतं लिहू, अनोळखी इसम."

"मलप्पा अनोळखी कसा? तुझा मेहुणा हाय."

नागप्पांनी बायकोकडे, गौरम्मांकडे पाहिलं. आणि घर एका क्षणात उलटं झालं. जे इतका वेळ लिहा लिहा म्हणत होते, त्यांना आता झाकली मूठ आठवली.

"अण्णा, मला वाटतं तुमचं बरोबर हाय," नागप्पा म्हणाले. "बेल उचललेलं काढू न्हाई. निरंकच बरं. चौकीचं बगू, पुढच्या साली."

गौरम्मा भिंतीला टेकून बसल्या होत्या. मलप्पा त्यांचा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तो तीन वर्षांचा होता, गौरम्मांनीच त्याला वाढवलं आणि त्यांच्या लग्नानंतरही तो अर्धा वेळ उमरडोहातच असायचा. त्या साली त्याच्यावर सट्ट्याचं भूत बसलं होतं. त्या रात्री शिवगंगा रानात राखणीला झोपली होती. पहाटे घरच्याच विहिरीवरच्या खोलीतून तो इंजन काढत होता. दार उघडं होतं, खोलीत कुणी नाही असं त्याला वाटलं, अंधारात काहीतरी हललं आणि घाबरून त्याच्या हातातली सळई फिरली. हे त्यानं गौरम्मांच्या पायावर डोकं ठेवून सांगितलं होतं. गौरम्मांनी पुढे दोन महिने शिवगंगेचा हात शेकला, तिला भरवलं, तिची वेणी घातली. घाबरून मारणं वेगळं आणि ठरवून मारणं वेगळं, हे त्या शेकताना मनात म्हणत. त्यावरच त्या चार वर्षं जगल्या होत्या.

"गंगाक्का," त्या म्हणाल्या, "तो आता सुधरलाय हो. छावणीवर मुकादम हाय. पोरगी लग्नाला आलीय त्याची. त्यानं बेल उचललाय, तुम्ही बी उचललाय. आता मोडायचा का?"

"मी कुठं उचलला?"

गौरम्मा माणिकप्पांकडे बघायला लागल्या.

"मी तापात होते. अण्णांनी उचलला, माझ्या नावानं. घरी येऊन म्हणले, गंगा, मिटलं. माझ्या हातात त्या दिवशी बेलाचं पान बी धरता आलं नसतं." शिवगंगेनं शेंग फोडली. "माझं तोंड कुणी बांधलेलं न्हाई. मीच आपली गप होते."

माणिकप्पांना ते देऊळ आठवलं. घाई झाली होती. गावात बातमी फुटायच्या आत, ठाण्यापर्यंत जायच्या आत. पुजारी म्हणाला होता, पाटील, बाई बरी होईतो थांबा. त्यांनी थांबायला नको म्हटलं होतं. बावीस वर्षांत दुसऱ्याच्या नावानं बेल त्यांनी तो एकदाच उचलला होता.

"गंगा," ते म्हणाले, "त्यानं चुकून मारलं. अंधारात. दार उघडं होतं म्हणून तो आत आला. हे मी देवापुढं बोललोय."

"दाराला कडी होती, अण्णा."

"काय?"

"आतून कडी होती. बाईमाणूस रानात दार उघडं टाकून झोपंल का? त्यानं हाक मारली. अक्का, मी मलप्पा, तहान लागली. म्हणून मी कडी काढली. तांब्या भरून दिला. पाणी पिला, तांब्या जाग्यावर ठेवला. मी तांब्या उचलायला वाकले आन् मागून मारलं. दुसरा वार डोक्यावर येत होता, हात मध्ये घातला म्हणून हातावर गेला."

ती हे भाकरीचं पीठ संपलं असं सांगावं तशी सांगत होती.

गौरम्मांनी पदर तोंडाला लावला. त्या रडत नव्हत्या. त्यांना खोलीची ती कडी दिसत होती. दुसऱ्या दिवशी त्या स्वतः खोली सारवायला गेल्या होत्या, कडी धड होती, कुणी तोडलेली नव्हती, आणि त्यांनी तेव्हाच स्वतःला सांगितलं होतं की दार उघडं असणार.

"तेव्हा कामून न्हाई सांगितलंस?" माणिकप्पांनी विचारलं.

"तुम्ही विचारलं कुठं? सगळ्यांनी मला येऊन सांगितलं, काय झालं ते. गोडीगुलाबीनं सांगितलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो ह्योच."

"अक्का, चार वर्षांनी लिहून काय मिळणार?" नागप्पा म्हणाले. "हात बरा होणार का?"

"न्हाई होणार."

"मग?"

"मग काय. मी पडले न्हवते, एवढं लिहून पाहिजे. दुसरं काय बी नको मला. चौकी तुझ्या गोदामापाशी आण न्हाईतर आणू नको."

नागप्पा उठले. "विरूपाक्ष, कागद घडी कर. निरंक लिही आन् चल."

विरूपाक्षनं पेन टोपणात घातलं. मलप्पामामानं त्याला खांद्यावर बसवून शाळेत नेलं होतं, लातुरात खोली बघून दिली होती. आत्याची मूठ त्याला दिसत होती आणि तो काचेतल्या प्रशस्तिपत्राकडे बघत होता. "मोठे अप्पा, तुम्ही सांगाल ते," तो म्हणाला. कारकून असंच म्हणतात.

"दे इकडं," माणिकप्पा म्हणाले.

"निरंक लिहिता?"

"दे."

त्यांनी कागद गुडघ्यावर घेतला, मग तसा लिहिता येईना म्हणून कमलम्मांनी पाट आणून दिला. विरूपाक्षचं पेन त्यांच्या हाताला बारीक लागत होतं. तेरा ओळींखाली त्यांनी चौदा आकडा घातला. फिर्यादी, शिवगंगा. आरोपी, मलप्पा. नाव लिहिताना त्यांनी गौरम्मांकडे पाहिलं नाही.

"भावजी," गौरम्मा म्हणाल्या. एवढंच.

"अण्णा, हे लिहिलंत तर मी या घरचं पाणी पिणार न्हाई," नागप्पा म्हणाले.

"ताटं वाढलीत," आतून कमलम्मा म्हणाल्या.

"मला नको."

"तुझ्यासाठी कोण म्हणतंय. पोराला सांगून राहिले."

शेवटी एक रकाना होता, पूर्वी न कळवण्याचे कारण. आधीच्या तेरांपुढं विरूपाक्षनं 'आपसात मिटले' असं लिहिलं होतं. माणिकप्पा तिथं थांबले. मग आपल्या सुरेख अक्षरात त्यांनी लिहिलं, 'पोलीस पाटलाने कळवले नाही.'

"मोठे अप्पा, असं लिहिलं तर पाटीलकी जाईल."

"जाऊ दे. बावीस वर्षं झाली." त्यांना लाज वाटत होती आणि लाज वाटते असं बोलून दाखवायची त्या घरात पद्धत नव्हती. त्यांनी कागद शिवगंगेकडे नेला, उंबऱ्यापर्यंत, स्वतः उठून. "वाच."

तिनं वाचलं. ती तिसरीपर्यंत शिकली होती, वेळ लागला.

"पाणी दिलेलं न्हाई लिहिलं."

"त्याला रकाना न्हाई, आत्या," विरूपाक्ष म्हणाला.

"मग कडेला लिहा."

माणिकप्पांनी कागद आडवा केला आणि कडेच्या मोकळ्या जागेत बारीक अक्षरात लिहिलं, 'फिर्यादीने त्यास पिण्यास पाणी दिले होते.' मग सही केली, शिक्का मारला. नागप्पा तोवर बाहेर जाऊन बैलगाडीच्या जुवावर बसले होते. गौरम्मा उठल्या, त्यांच्या मागं गेल्या नाहीत, आत गेल्या आणि शिवगंगेपुढची टोपली ओढून घेऊन शेंगा फोडायला लागल्या. थोड्या वेळानं गौरम्मांनी फोडलेले दाणे शिवगंगेच्या ढिगात टाकले. शिवगंगेनं ते तसेच राहू दिले.

पुढं काय झालं ते थोडक्यात सांगायचं तर चौकी खरबवाडीलाच गेली. चौदापुढं एकतीस कधी हरत नाहीत. माणिकप्पांना नोटीस आली आणि पाटीलकी गेली. साहेब तोंडी बोलले होते ते तोंडीच राहिलं. खरबवाडीचा जमादार एकदा सायकलवर येऊन शिवगंगेचा जबाब घेऊन गेला, तोवर मलप्पा छावणीचं काम सोडून कुठं गेला ते कुणाला माहीत नव्हतं. नागप्पा पुढली दोन वर्षं अहमदपुराहून उमरडोहला आले ते गोदामापर्यंतच.

पण हे सगळं नंतरचं. दुसऱ्या दिवशी सकाळी विरूपाक्ष कागद पिशवीत घालून एसटीत बसला आणि त्याच एसटीच्या मागं धुरळ्यात टँकर आला. बायका घागरी घेऊन पळाल्या. शिवगंगा डाव्या कमरेवर घागर घेऊन रांगेत उभी राहिली. तिच्यापुढं गुणाबाई होती. गावातली म्हातारी, सगळ्यांच्या घरचं सगळं माहीत असलेली. टँकरच्या रांगेत ती रोज एकच प्रश्न विचारायची.

"कसा हाय गं गंगा, पडलेला हात?"

"मी पडले न्हवते, गुणाबाई. मारलं होतं. मलप्पानं. कागदावर लिहिलंय आता."

गुणाबाईनं नळी आपल्या घागरीत धरली. "ते ठावं हाय की, बाई. सगळ्या गावाला ठावं हाय. आमी आपलं तुमच्या घरच्यांचं ऐकून पडली पडली म्हणतो."

शिवगंगेनं कमरेवरची घागर खाली ठेवली. चार वर्षं सगळ्यांना माहीत होतं तर मग कागदावर नेमकं काय गेलं, असं तिला वाटलं असावं.

"त्याला पाणी दिलं होतं मी," ती म्हणाली. "मारायच्या आधी. तहान लागली म्हणला म्हणून."

गुणाबाईनं वळून तिच्याकडे पाहिलं. नळी हातात तशीच राहिली.

"हे न्हवतं ठावं," ती म्हणाली.

घागर भरून पाणी खाली सांडायला लागलं होतं आणि मागच्या बायका ओरडत होत्या.